पायी जाणाऱ्यांच्या खोडी : कोणत्या उचलाव्यात, कोणत्या सोडाव्यात

आषाढीला पैठणहून पंढरपूर, फाल्गुन वद्य षष्ठीला गावोगावहून पैठण, कोजागिरीला सोलापूरहून तुळजापूर, कार्तिक पौर्णिमेला बीड जिल्ह्यातलं कपिलधार. मराठवाड्यात पायी जाणाऱ्याला वर्षभर कुठली ना कुठली वाट असतेच. या वाटांवर मुरलेल्या माणसाबरोबर दोन मुक्काम काढले की त्याच्या खोडी दिसायला लागतात. एकजण डांबरी रस्त्याच्या कडेच्या पांढऱ्या पट्ट्यावरूनच चालतो. दुसरा दर तासाला बूट काढतो आणि कडुलिंबाच्या बुंध्याला पाय टेकवून उताणा पडतो. तिसऱ्याला ‘किती राहिलं हो?’ विचारलं तर तो ऐकू न आल्यासारखं करतो. नवख्याला हे सगळं चक्रम वाटतं. पण बहुतेक खोडींच्या मुळाशी पाय, पाणी नाहीतर झोप असते. काही नुसत्याच हौसेच्या असतात, त्यांनी कुणाचं काही बिघडत नाही. दोन-चार मात्र घातक आहेत. त्या कितीही जुन्या माणसाने सांगितल्या तरी सोडाव्यात.

निघण्याआधी

जुना चालणारा वारीसाठी नवे बूट घेत नाही. पन्नास-साठ किलोमीटर वापरलेला, तळ अजून शाबूत असलेला जोडच तो काढतो. घ्यायचेच असतील तर महिनाभर आधी घ्या आणि दुकानात संध्याकाळी जा, कारण दिवसभरात पाय फुगलेला असतो. नेहमीपेक्षा अर्धा ते एक नंबर मोठा जोड बघा. रोज पंचवीस-तीस किलोमीटर चाललं की तिसऱ्या दिवसापर्यंत पाय तेवढे सुजतातच. मागे पट्टा असलेली सँडलही चालते. नुसत्या अंगठ्याच्या स्लिपरवर लांबचा पल्ला मारू नका. ती पायात धरून ठेवायला बोटं सतत आवळली जातात, नडगी भरून येते, आणि बाभळीचा काटा तिच्या तळातून आरपार येतो.

नखं निघायच्या तीन-चार दिवस आधी काढा, आणि सरळ काढा. कोपरे गोल कापले की नख मांसात शिरतं. आदल्या रात्री कापलेल्या नखाची धार शेजारच्या बोटाला लागते, म्हणून ही तीन-चार दिवसांची सूट.

तळपायाला मेंदी लावून निघणारे पुष्कळ आहेत, त्यात पुरुषही आले. गार वाटतं, एवढाच तिचा उपयोग. मेंदीने फोड येत नाहीत हा समज चुकीचा आहे. बाजारातली झटपट रंगणारी ‘काळी मेंदी’ तर लावूच नये. त्यात केस रंगवायचं रसायन मिसळलेलं असतं आणि ते कातडीला पोळतं.

पहाटेचा क्रम

दिंडीत तीन-साडेतीनला उठतात. अंधारात, अर्धवट झोपेत सगळं जमावं म्हणून प्रत्येकाचा क्रम ठरलेला असतो आणि त्यात कुणी लुडबूड केली की माणूस चिडतो. चांगला क्रम असा.

बूट हातात घेऊन टाचेकडून दोनदा जमिनीवर आपटायचे, मग उलटे करून झटकायचे. आपल्याकडे विंचू ही गंमत नाही. रात्री बुटांच्या तोंडात कालचे मोजे कोंबून ठेवले तर आणखी बरं. विंचू चावलाच आणि त्यानंतर दरदरून घाम, उलट्या, हातपाय गार पडणं असं काही दिसलं, तर मंत्र-तंत्रात वेळ न घालवता थेट सरकारी दवाखाना गाठा. लाल विंचवाच्या दंशावर प्राझोसिन हे औषध लागू पडतं. मूळचे जालना जिल्ह्यातले डॉ. हिंमतराव बावस्कर यांनी महाडला राहून त्यावर काम केलं, त्यामुळे ते आज सगळीकडच्या डॉक्टरांना ठाऊक आहे.

मग पायाची बोटं, टाच, चवड्याचा फुगवटा आणि जांघा यांना व्हॅसलीन लावायचं. बोटांना बोटाच्या पेराएवढं, जांघांना त्याच्या दुप्पट. खोबरेल तेलही चालतं, पण ते दोन तासांत जिरतं. पावडर लावू नका. घामात तिच्या गोळ्या होतात आणि त्याच काचतात.

मोजे उलटे घालायचे, शिवण बाहेर. बघणारा हसेल, हसू द्या. बोटांवर घासणारी शिवण अशाने बुटाच्या बाजूला जाते. मोज्यांचे तीन जोड पुरतात. एक पायात, एक सेफ्टी पिनने पिशवीवर वाळत, आणि एक कायम कोरडा, फक्त झोपताना घालायचा. हा तिसरा जोड कितीही पाऊस झाला तरी दिवसा घालायचा नाही. तो भिजला की रात्री पाय वाळतच नाहीत आणि दुसऱ्या दिवशी ओल्या कातडीने चालायची वेळ येते.

शेवटी नाडी. टाच वर-खाली होत असेल तर वरच्या शेवटच्या दोन भोकांचा उपयोग करा. नाडी एकदम पलीकडे न नेता त्याच बाजूच्या शेवटच्या भोकात घाला, म्हणजे कडेला छोटा फास तयार होतो. दोन्ही बाजूंना असा फास करा, डावी नाडी उजव्या फासातून आणि उजवी डाव्या फासातून ओवा, खाली ओढा आणि गाठ मारा. टाच जागेवर बसते. तुळजापूरच्या घाटासारख्या उतारावर बोटं पुढे आदळत नाहीत. बोटांकडची नाडी मात्र सैल ठेवा.

फोड

फोड आल्यावर काय करायचं हे सगळे विचारतात, येऊ नये म्हणून काय करायचं हे कुणीच विचारत नाही. कातडी ओली आणि गरम झाली, आणि वरची कातडी एकीकडे, आतलं हाड दुसरीकडे असं सरकत राहिलं, की दोन थरांमध्ये पाणी भरतं. त्याआधी दहा-पंधरा मिनिटं ती जागा चुरचुरते. मुरलेला माणूस या चुरचुरीला थांबतो. दिंडी पुढे जाऊ देतो, कडेला बसतो, बूट काढतो. लोक त्याला नाजूक म्हणतात, पण चौथ्या दिवशी ट्रकमध्ये बसून जाणारे बहुधा तेच म्हणणारे असतात.

चुरचुरणारी जागा कोरडी पुसा. औषधाच्या दुकानात मिळणारी कागदी चिकटपट्टी त्या जागेपेक्षा दोन्हीकडे बोटभर मोठी कापा, कोपरे गोल करा आणि सुरकुती न पडू देता चिकटवा. कोपरा टोकदार राहिला की मोज्याला अडकून पट्टी गुंडाळली जाते आणि ती गुंडाळीच नवा फोड करते. आधी व्हॅसलीन लावलेलं असेल तर तिथे पट्टी टिकत नाही. म्हणून ज्या जागी दरवेळी फोड येतो तिथे पहाटे पट्टी आणि बाकी पायाला व्हॅसलीन, अशी वाटणी करा.

फोड आलाच आणि लहान असेल तर फोडू नका, वर पट्टी लावून चाला. मोठा, ताणलेला, पाऊल टेकू न देणारा असेल तर हात आणि पाय साबणाने धुवा. सुई स्पिरिटने पुसा. फोडाच्या कडेला, खालच्या अंगाला दोन भोकं पाडा, स्वच्छ कापडाने हलकं दाबून पाणी काढा. वरची कातडी काढू नका, तीच तुमची सगळ्यात चांगली पट्टी. वर मलम आणि कोरडं ड्रेसिंग.

आता घातक खोड. फोडातून सुईने दोरा ओवून तो आतच ठेवायचा, म्हणजे पाणी झिरपत राहतं, असं जुने लोक सांगतात. पाणी झिरपतं हे खरं. पण तोच दोरा रस्त्याची घाण आत नेतो आणि दोन दिवसांत तिथे पू धरतो. दोरा ठेवू नका. मधुमेह असलेल्यांनी फोड स्वतः फोडूच नये, दिंडीबरोबरच्या दवाखान्यात दाखवावा. काटा खोल गेला असेल आणि धनुर्वाताचं इंजेक्शन घेऊन पाच वर्षं उलटली असतील तर तेही तिथेच घ्यावं.

मोजत चालणं

नाथांच्या दिंडीत ‘भानुदास एकनाथ’च्या गजरावर पावलं पडतात, आणि टाळांमुळे सगळ्यांची गती एक राहते. भक्तीचा भाग आहेच, पण त्यात चालण्याचं शास्त्रही आहे. एकसारख्या गतीने माणूस कमी दमतो. एकटे किंवा चौघं-पाचजण निघालात तर टाळ नसतात. मग लोक मोजायला लागतात.

मोजण्याची एक पद्धत सांगण्यासारखी आहे. साधारण पाऊल सत्तर सेंटिमीटरचं धरलं तर दर दहा पावलांना एक मणी सरकवत १०८ मण्यांची माळ संपते तेव्हा सुमारे पाऊण किलोमीटर झालेला असतो. चार माळा म्हणजे तीन किलोमीटर, आपल्या आजोबांच्या भाषेत कोसभर. तुमचं पाऊल किती ते आधी तपासा. मैलाच्या दोन दगडांमधला एक किलोमीटर मोजत चाला आणि हजारला पावलांच्या संख्येने भागा. चौदाशेच्या आसपास पावलं झाली तर वरचा हिशोब लागू. गळ्यातली तुळशीची माळ यासाठी वापरू नका, वडीलधाऱ्यांना ते रुचत नाही, आणि बरोबरच आहे. वेगळी साधी माळ घ्या किंवा एका खिशात ज्वारीचे दहा दाणे ठेवून एकेक दुसऱ्या खिशात टाका.

दगडांचे रंगही ओळखून ठेवा. पिवळ्या माथ्याचा राष्ट्रीय महामार्ग, हिरव्या माथ्याचा राज्य महामार्ग, केशरी माथ्याचा गावाचा रस्ता. फाट्यावर चुकलात तर पहिल्या दगडाचा रंगच सांगतो.

‘किती राहिलं’ हा प्रश्न न विचारण्याच्या खोडीला मात्र मान द्यावा. एकतर विचारणाऱ्याचं मन मुक्कामावर जातं आणि पाय जड होतात. दुसरं, रस्त्यावरच्या माणसाचं उत्तर ठरलेलं असतं, ‘हे काय, पुढंच.’ मोटारसायकलवर बसलेल्याचं ‘पुढंच’ सहा-सात किलोमीटरचं असू शकतं. त्यापेक्षा ‘चहा कुठं मिळेल?’ विचारा, उत्तर जास्त खरं मिळतं.

पांढऱ्या पट्ट्याचं कारण सरळ आहे. पांढरा रंग ऊन परतवतो, त्यामुळे भर उन्हात तो काळ्या डांबरापेक्षा कमी तापतो. अनवाणी चालणाऱ्याला हा फरक लगेच कळतो. पण पट्टा ओला असला की निसरडा होतो. लहान गटाने चालताना उजव्या बाजूने, समोरून येणारी वाहनं दिसतील असं चाला, आणि पहाटे-रात्री पाठीच्या पिशवीवर चमकणारी पट्टी लावा. कोजागिरीला सोलापूर-तुळजापूर रस्त्यावर रात्रभर माणूस असतो, तेव्हा हे फार महत्त्वाचं.

काळी माती

हा खास आपला त्रास. जूनचा पहिला पाऊस झाला की काळी रानं फुगतात आणि माती बुटाला चिकटते, तिच्यावर पुढची चिकटते, आणि शंभर पावलांत प्रत्येक पायाला किलोभर ओझं होतं. मांड्या त्यानेच भरतात. जुने लोक कमरेला वीतभर लांबीची चपटी काठी खोचून चालतात आणि दर पन्नास-साठ पावलांना तळ खरवडतात. जुना चमचा किंवा उलथन्याचा तुकडाही चालतो. बांधावरच्या गवतातून चाला, पांदीच्या मधल्या चाकोरीतून नको. खोल खाचांच्या तळात माती जास्त अडकते, म्हणून अशा वाटेला गुळगुळीत तळ बरा, आणि डांबरावर आल्यावर घसरू नये म्हणून जपून. चप्पल हातात घेऊन चिखलातून अनवाणी जाण्याची खोड बाभळीच्या आणि बोरीच्या काट्यांमुळे महागात पडते. डोक्यावर पोत्याची किंवा प्लॅस्टिकची खोळ घ्यावी. तिच्यातून वारा खेळतो, बंद रेनकोटात माणूस आतून घामाने भिजतो.

खाणं, पाणी आणि गोळ्या

दुधात पीठ भिजवून केलेल्या दशम्या दोन दिवस टिकतात, धपाटी एक दिवस. कडक भाकरी सगळ्यात जास्त टिकते, पण तिच्याबरोबर पाणी जास्त लागतं. सकाळी निघताना पोटभर खाऊ नका. दोन तास चालून मग सुशीला (भिजवलेले मुरमुरे फोडणीला टाकून करतात ती) किंवा भाकरी, आणि मध्ये मूठभर शेंगदाणे-गूळ. नवीन पदार्थ वाटेत पहिल्यांदा खाऊन बघू नका. अन्नदानाच्या पंगतीत आग्रह होतो, तिथे ‘माउली, थोडंच वाढा’ हे म्हणता आलं पाहिजे.

उन्हात तासाला अर्धा लिटर पाणी लागतं. तांब्याभर पाणी एका दमात पिण्यापेक्षा दर वीस मिनिटांनी चार घोट बरे. नुसतं पाणी पीत राहिलात तर घामातून गेलेलं मीठ भरून येत नाही, डोकं दुखतं, मळमळतं. ओआरएसचं पाकीट नसेल तर एक लिटर पाण्यात सहा सपाट छोटे चमचे साखर आणि अर्धा सपाट छोटा चमचा मीठ. मीठ अंदाजाने टाकू नका. खारट लागलं म्हणजे जास्त झालं. लघवीचा रंग गडद पिवळा दिसला की चालणं थांबवून आधी पाणी.

तुरटी फिरवून पाणी पिण्याची खोड अर्धीच बरोबर आहे. तुरटीने गाळ खाली बसतो, जंतू मरत नाहीत. तुरटी फिरवून निवळलेलं पाणी वेगळं काढा, मग त्यात पाकिटावरच्या मापाने क्लोरीनची गोळी टाका आणि अर्धा तास थांबा. गढूळ पाण्यात थेट गोळी टाकली तर क्लोरीन गाळातच खर्ची पडतो.

दुसरी घातक खोड पांढऱ्या गोळीची. संध्याकाळी पाय ठणकले की कुणीतरी दुखण्याची गोळी वाटतो आणि दुसऱ्या दिवशी सकाळीच, दुखण्याच्या आधीच, लोक ती घेतात. पोट रिकामं, अंगातलं पाणी कमी आणि वर ही गोळी, याचा मार सरळ किडनीवर बसतो. अगदी लागलीच तर जेवणानंतर, पाणी भरपूर पिऊन, एखाद्या दिवशीच. बाम चोळून त्यावर गरम पाण्याचा शेक किंवा घट्ट पट्टीही नको, कातडी भाजते.

बायकांच्या बाबतीत एक गोष्ट कुणी मोकळेपणाने सांगत नाही. आडोसा मिळणार नाही म्हणून त्या दिवसभर पाणीच पीत नाहीत, आणि तिसऱ्या-चौथ्या दिवशी लघवीला जळजळ सुरू होते. पाणी कमी करू नका. चौघींनी मिळून एक गडद चादर आणि दोन दोऱ्या जवळ ठेवाव्यात, कुठेही आडोसा उभा राहतो. पाळीच्या दिवसांत पॅडच्या कडेला व्हॅसलीन लावलं तर काचत नाही. वापरलेले पॅड ठेवायला झाकणाची वेगळी पिशवी असू द्या. डोक्यावर तुळस घेणारीने चुंबळ जुन्या सुती लुगड्याची, मधे चार बोटं मोकळी राहतील अशी वळावी. सिंथेटिक कापडाची चुंबळ घसरते आणि ती सावरायला मान सतत ताठ राहते. तासाभराने तुळस दुसरीकडे द्यावी, त्यात कमीपणा नाही.

अनवाणी आणि ज्योत

नवरात्रात गावातली पोरं तुळजापूरहून, माहूरहून ज्योत घेऊन अनवाणी पळत येतात. अंगात उपास, ऑक्टोबरचं ऊन आणि खाली डांबर. नवस असेल तर तो मोडा म्हणायचा अधिकार कुणाला नाही, पण तयारी करता येते. तीन-चार आठवडे आधीपासून रोज सकाळी अर्धा तास अनवाणी चाला, आधी मातीवर, मग डांबरावर. दिवसा रस्त्यावर हाताची मागची बाजू टेकवून सात मोजा. तेवढा वेळ हात ठेववला नाही तर पायही ठेवू नका, अकरा ते चार सावलीत थांबा. पाळीपाळीने पळायचं तर एकेकाने अर्धा किलोमीटरच पळावं. मागच्या टेम्पोत पाण्याच्या जारबरोबर चिमटा, सुई, स्पिरिट असावं. उपासाला साबुदाण्याने पाणी भरून निघत नाही. लिंबू, मीठ, साखर घातलेलं पाणी उपासालाही चालतं, साधं मीठ चालत नसेल तर सैंधव घाला. मधुमेहाने पाय बधिर झालेल्यांनी अनवाणी अजिबात जाऊ नये. चटका बसलेला त्यांना कळत नाही.

मुक्काम

पोचल्या पोचल्या मीठ घातलेल्या कोमट पाण्यात दहा मिनिटं पाय. जास्त वेळ नको, कातडी मऊ पडते. त्याच कारणाने सकाळी पाय भिजवणं चूक. मग पंच्याने बोटांच्या बेचक्या कोरड्या करा, तळपाय उजेडात बघा, स्वतःला दिसत नसेल तर सोबत्याला बघायला सांगा. टाचांना एरंडेल, पायात कोरडे मोजे आणि भिंतीला पाय वर टेकवून पंधरा मिनिटं. सूज त्यानेच उतरते.

झोपताना डोकं उद्याच्या वाटेकडे करायची खोड काहींना असते. राहुटीत अंधारात उठल्यावर बाहेर कुठून पडायचं ते चटकन कळतं. हौसेची आहे, पण फुकटची. घोरणाऱ्यांसाठी कापसाचे बोळे. बॅटरी गळ्यात. मोबाईल रात्री फ्लाइट मोडवर, म्हणजे एकाच बोर्डावर चाळीसजण तुटून पडले तरी तुमचं अडत नाही.

पोचल्यानंतर लगेच पाच-सहा तासांच्या एसटीत बसणार असाल तर बूट काढून पिशवीत टाका आणि एक नंबर मोठी चप्पल घाला. बसल्या जागी पाय फुगतात आणि मग बूट परत चढत नाहीत. गाडी थांबेल तिथे उतरून चार पावलं टाका. एकच पोटरी सुजून लाल आणि गरम झाली असेल तर ती चोळू नका, डॉक्टरांना दाखवा. घरी गेल्यावर दोन-तीन दिवस रोज दोन किलोमीटर सावकाश चाला, आणि सुटायला आलेलं काळं नख ओढू नका, खालचं नवीन नख वर आलं की ते आपोआप गळतं.